कापशीचं बिऱ्हाड

आमच्या भवानी पेठेत गच्चीवर वाळवण घालायचं तर एक डोळा आकाशाकडे ठेवावा लागतो. कुरडया-पापडांत घारीला रस नसतो म्हणा, पण शेजारचं एखादं पोर हातात भजी घेऊन वर आलं की संपलंच. सूऽऽ करत येते आणि भजी घेऊन जाते, पोराच्या बोटाला ओरखडासुद्धा नाही! पोर रडायला लागतं आणि आम्ही म्हाताऱ्या बायका हसत बसतो.

सोलापुरात घारींना काही कमी नाही. मटणाच्या दुकानांमागे पडणारे तुकडे आहेत, तुळजापूर रस्त्याकडचा कचरा डेपो आहे, तलावाकाठचे मेलेले मासे आहेत. आमच्या बोळाच्या टोकाला एक जुना कडुनिंब आहे. गड्ड्याची जत्रा जवळ आली की त्यावरच्या घरट्याची डागडुजी सुरू होते. घरट्यात काड्यांबरोबर काय काय असतं! टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या, सुताचे गुंते, प्लॅस्टिकच्या पिशव्या. अस्सल सोलापुरी घरटं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातून दोन पिल्लं डोकी वर काढतात. पाऊस पडो न पडो, या बाईची दोन पिल्लं बहुतेक ठरलेली. कारण तिचं धान्य शेतातून येत नाही, आपल्या उकिरड्यावरून येतं.

दिल्लीत निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं घारींच्या घरट्यांचा अभ्यास केला आहे. तिथेही हेच. जिथे उघडा कचरा आहे, आणि जुन्या दिल्लीतल्यासारखे लोक सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवतात, अशा वस्त्यांच्या आसपास घारी दाटीनं घरटी करतात. बसायला उंच झाड आणि जवळ हुकमी अन्न, एवढं मिळालं की घारीला शहराचा गोंगाट चालतो.

पण आज लिहायचंय ते घारीबद्दल नाही, तिच्या नात्यातल्या कापशीबद्दल. आणि खरं सांगायचं तर हा लेख आमच्या घरातल्या मंडळींसाठी थोडा जास्त आहे. बाकीच्यांनीही वाचावा, कारण प्रत्येकाच्या गावाकडे असा एखादा बांध आणि अशी एखादी बाभळ असतेच.

नान्नजच्या अलीकडे आमचं शेत आहे. हुरड्याला आलेल्या सगळ्यांना ते माहीत आहे. ज्या बाभळीखाली सतरंजी अंथरून आपण हुरडा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खातो, त्याच बाभळीच्या शेंड्याला कापशीचं घरटं असतं. तुमच्यापैकी किती जणांनी मान वर करून पाहिलं होतं, देव जाणे! कापशी म्हणजे कावळ्याहून लहान, पांढरट-राखाडी रंगाची, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. तारेवर बसलेली दिसते. शिकार करताना हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, पाय खाली सोडते आणि अलगद उतरते. उतरली की बहुतेक वेळा पायात उंदीर असतो. उंदीर हेच तिचं मुख्य अन्न. नाकतोडे, सरडे खाते, पण ते तोंडी लावण्यापुरतं.

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काकू, ती बाभळ काढतो म्हणतो मी. सावलीनं दोन गुंठं वाया जातंय. आणि वरचा माळाचा तुकडा जेसीबीनं सपाट करून घेतो, म्हणजे सलग ऊस होईल. उंदरानं तर नुसता उच्छाद मांडलाय, या वेळी औषधच टाकतो सगळीकडं." सातबाऱ्यावर माझंही नाव आहे म्हणून त्यानं विचारलं. न विचारता केलं असतं तरी मी भवानी पेठेत बसून काय करणार होते? पण विचारलं, हा त्याचा चांगुलपणा. मी म्हटलं, दोन दिवस दे मला.

त्या दोन दिवसांत मी आमच्या ह्यांची वही काढली.

आमचे हे शेताच्या जमाखर्चाची वही ठेवत. बी-बियाणं, मजुरी, खत, सगळं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर ते पाऊसपाणी आणि कापशीची पिल्लं लिहून ठेवत. हा काय छंद, असं मी तेव्हा म्हणायची. २०१८ साली हे गेले आणि मग वही माझ्याकडे आली. तेव्हापासून हिवाळ्यात शेतावर गेले की मीच लिहिते. नोंदी अगदी त्रोटक आहेत. काही देते:

२०१५ – पाऊस नाही. ज्वारी गेली. जोडी आली, काड्या आणल्या, अंडी नाहीत.

२०१६ – पाऊस उत्तम. हरभरा चांगला. उंदीर फार. पिल्लं ४, चारही उडाली.

२०१७ – पिल्लं ३.

२०१८ – पुन्हा दुष्काळ. पिल्लू १. (ही ओळ माझ्या अक्षरात आहे.)

२०२० – परतीचा पाऊस धो धो. उंदीर कमी. पिल्लं २.

२०२२ – पाऊस चांगला. उंदीर भरपूर. तरी पिल्लं २.

शेवटची ओळ बघा. पाऊस चांगला, उंदीर भरपूर, मग पिल्लं दोनच का? २०१६ला चार होती. मध्ये काय बदललं? बदललं ते एवढंच की तोपर्यंत शेजारच्या दोन्ही रानांत पाइपलाइन आली आणि ऊस उभा राहिला.

सहा ओळींवरून सिद्धान्त मांडायला मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मी आपली मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. म्हणून पुण्याच्या नातीला फोन लावला, ती प्राणिशास्त्र शिकते. तिनं मला जे समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते.

शिकारी पक्ष्यांमध्ये मादी अंडी घालण्याआधी शिकारीचं काम जवळजवळ सोडून देते आणि नर तिला आणून घालतो. म्हणजे आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखंच म्हणा ना! फरक एवढाच की इथे डोहाळे पुरले नाहीत तर पुढचं काहीच होत नाही. मादीच्या अंगावर पुरेसं मांस चढलं तरच ती अंडी घालते. चांगलं पोसली गेली तर लवकर घालते आणि जास्त घालते. नराच्या हाती काही लागत नसेल तर कमी घालते, किंवा त्या हंगामात घालतच नाही. २०१५ची ओळ हीच. जोडी आली, काड्याही आणल्या, पण स्वयंपाकघरात काही नव्हतं.

पुढचा भाग ऐकायला थोडा कठोर आहे. कापशी एकेक अंडं काही अंतरानं घालते आणि उबवायला लवकर बसते. त्यामुळे पिल्लंही एकदम बाहेर येत नाहीत, मागेपुढे येतात. थोरलं आणि शेंडेफळ यांच्यात काही दिवसांचा फरक पडतो. अन्न मुबलक असलं तर चारही वाढतात. अन्न कमी पडलं तर थोरली आधी चोच पुढे करतात आणि धाकटं उपाशी राहून मरतं. आई भांडण सोडवायला जात नाही. ऐकून मला कसंसंच झालं. नात म्हणाली, "आजी, तिला आधी कळत नाही की वर्ष कसं जाणार आहे. म्हणून ती चांगल्या वर्षाच्या हिशोबानं अंडी घालते आणि वाईट वर्ष आलं तर धाकट्यावर बेतते." विचार करत बसले मी. पेरणीही आपण अशीच करतो की! मृग चांगला जाईल या हिशोबानं.

बाहेरच्या देशांत यावर फार जुना अभ्यास आहे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात पांढरं हिमघुबड असतं. तिथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी दर तीन-चार वर्षांनी अफाट वाढतात आणि मग एकदम कमी होतात. भरपूर लेमिंगच्या वर्षी हे घुबड दहा-अकरा अंडीसुद्धा घालतं आणि नसतील त्या वर्षी एकही नाही. फिनलंडमध्ये एर्की कोर्पिमाकी यांनी लहान घुबडांवर आयुष्यभर काम केलं, तिथेही हीच गोष्ट. इंग्लंडचे इयन न्यूटन यांनी १९७९ साली शिकारी पक्ष्यांच्या संख्येवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं की या पक्ष्यांची संख्या मुख्यतः दोन गोष्टींनी ठरते, अन्न आणि घरट्यासाठी जागा. दोन्हींपैकी जी कमी असेल ती लगाम ओढते. त्यांनी स्कॉटलंडमध्ये ससाण्याच्या जातीच्या एका पक्ष्याच्या घरट्यांच्या जागा वर्षानुवर्षं पाहिल्या. चांगल्या जागा दर वर्षी भरलेल्या आणि तिथून पिल्लंही बाहेर पडायची. वाईट जागी कधी कोणी यायचं, कधी नाही, आणि आलं तरी यश कमी.

आता २०२२च्या ओळीकडे येते. उंदीर भरपूर आणि पिल्लं दोन. नातीनं विचारलं, "आजी, उंदीर आहेत हे कुणी पाहिलं? तुम्ही की कापशीनं?" प्रश्न मोठा मार्मिक होता. उसात उंदीर खूप असतात, शेतकऱ्याला विचारा. पण ऊस डोक्याच्या वर उभा असतो, वर्ष-दीड वर्ष असतो आणि पाचटानं जमीन झाकलेली असते. वरून बघणाऱ्या पक्ष्याला त्यात काय दिसणार? हरभरा, करडई, भुईमूग यांच्या सरीत उंदीर धावला की दिसतो. आमची मालदांडी ज्वारी उंच असते खरी, पण तिच्या कडेचे बांध मोकळे असतात आणि सुगी झाली की सगळं रान उघडं पडतं. ऊसतोडीच्या वेळी मात्र बघा, कोयता चालू असला की कापश्या आणि घारी तोडीच्या कडेनं रांगेत बसतात. म्हणजे कोठार भरलेलं आहे, पण वर्षातले दोन-चार दिवसच दार उघडतं. पिल्लांना तर रोज भूक लागते. सुमारे महिनाभर अंडी उबवायची आणि पुढे महिनाभर पिल्लांना भरवायचं. दोन महिने अखंड उघडं रान हवं, ते घरट्यापासून जवळ हवं आणि मध्ये घरट्याला धक्का लागता कामा नये. यातलं एक जरी गेलं तरी पिल्लांचा आकडा खाली येतो.

याचा अर्थ शेती वाईट असा मुळीच नाही. उलट! पुण्याचे डॉक्टर सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशनच्या मंडळींनी दख्खनच्या पठारावर शृंगी घुबडाचा अभ्यास केला आहे. हे मोठं, कानावर शिंगांसारखी पिसं असलेलं घुबड ओढ्याच्या दरडीत, दगडाच्या खाणीत घरटं करतं. घुबड न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडावाटे टाकतं. त्या हजाराहून अधिक गोळ्या त्यांनी फोडून तपासल्या. खाण्यात सर्वांत मोठा वाटा उंदरांचा, म्हणजे शेतीचं नुकसान करणाऱ्यांचाच. आणि ज्या घरट्यांभोवती शेतजमीन होती तिथे पिल्लं वाढवण्यात त्यांना जास्त यश आलेलं दिसलं. दरड जागेवर असावी आणि समोर जिराईत रान असावं, मग घुबडाला माणसाच्या शेताचं वावडं नाही. वावडं आहे ते आपल्यालाच. घुबड अशुभ म्हणून दगड मारायचा, अंधश्रद्धेपायी जीव घ्यायचा. म्हणूनच त्या मंडळींनी पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला उलूक उत्सव सुरू केला, मुलं घुबडाची चित्रं काढतात, नाटकं करतात. मी अजून नोकरीत असते तर एक सहल नक्की नेली असती.

आता माळाचं. पुतण्या ज्याला 'वरचा पडीक तुकडा' म्हणतो तो. सरकारी कागदावरही माळ म्हणजे पडीकच. सोलापूरचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा, अशा हवेत मुरमाड जमिनीवर कुसळी गवत आणि चार बोरी-हिवर हेच तिचं खरं रूप. त्यात ओसाड काही नाही. सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी नान्नजच्या माळावरचे माळढोक जगाच्या नजरेला आणले. १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं, ते पुढे १,२२२वर आलं. माळढोक जवळपास दिसेनासा झाला. पण त्याच्या नावानं जो माळ राखला गेला त्यावर दुसरे कितीतरी जगले. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात, गवतावरून झोकांड्या खात नाकतोडे टिपतात. आणि सापमार गरुड तर इथेच घरटं करतो.

सापमार गरुडाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. हा मोठा, गोल डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा गरुड. नावाप्रमाणे सापांवर जगतो. तोही हवेत थांबून खाली बघतो, म्हणून त्याला मोकळा माळ लागतो आणि घरट्यासाठी एखादं एकटं झाड. हा पक्षी हंगामात एकच अंडं घालतो. एकच! दीड महिना उबवतो आणि पिल्लू उडायला पुढे दोन-अडीच महिने लागतात. कापशीचा एक हंगाम गेला तर चांगल्या वर्षी ती एकाहून जास्त वेळा घरटं करून भरून काढू शकते. सापमाराचं ते एक अंडं गेलं की अख्खं वर्ष गेलं. म्हणून माळावर ट्रॅक्टर फिरला, किंवा मोकळ्या माळावर उत्साहानं ग्लिरिसिडियाची दाट रांग लागली, तर सापमाराला ते सारखंच. साप असतीलही खाली, पण वरून दिसणार नाहीत. झाडं लावणं पुण्याचं काम आहेच, कुठे लावायची तेवढं आधी बघावं.

आणि आता औषधाचं, म्हणजे विषाचं. इथे मला गिधाडं आठवली.

१९७२च्या दुष्काळात मी वीस वर्षांची होते. माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खात होती, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रांधत होती. जनावरं मात्र रस्त्याकडेला मरून पडायची. आणि त्यांच्यावर गिधाडं! पन्नास-पन्नास गिधाडं एका बैलावर बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. भीती वाटायची, पण दुसऱ्या दिवशी तिथे फक्त स्वच्छ हाडं उरायची. ती गिधाडं १९९०च्या दशकात भराभर नाहीशी झाली. भरतपूरला विभू प्रकाश यांनी पहिल्यांदा धोक्याची घंटा वाजवली. जनावरं मरत होतीच, अन्नाला तोटा नव्हता. मग गिधाडं का मेली? लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोध लावला, २००४ साली तो छापून आला. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. २०२३ साली तसल्याच आणखी दोन औषधांवर, किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर, बंदी आली. पण गिधाडही वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला पाचेक वर्षं घेतं. गेलेली संख्या किती पिढ्यांनी भरून येणार, तुम्हीच हिशोब करा. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावला प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सीस्केप संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडं राखली, मेलेली जनावरं आणून गिधाडांना खाऊ घातली. झाड आणि निर्धोक अन्न, दोन्ही. एवढं केल्यावर तिथे पिल्लं दिसू लागली.

तर ताटात भरपूर वाढलेलं असून उपयोग नाही, ते पचायलाही हवं. उंदरांच्या औषधाचंही तसंच. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर काही तासांत मरतो. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर चार-पाच दिवस जगतो, सुस्त होतो, भरदिवसा उघड्यावर फिरतो. कापशीला आणि घुबडाला तो सगळ्यात आधी सापडणार. असे उंदीर पुन्हापुन्हा खाल्ले की विष त्यांच्या यकृतात साठत जातं. म्हणजे ज्या पाहुण्याला आपण उंदीर धरायला ठेवलंय त्याच्याच जेवणात विष कालवायचं!

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो, मुलगा गुणी आहे. मग म्हणाला, "काकू, तुमचं पटतंय. पण सोसायटीचं कर्ज कापशी फेडणार का? मागच्या वर्षी भुईमुगात उंदरानं काय केलं तुम्ही बघितलं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असल्याचा आव आणणं मला जमणार नव्हतं. एक कापशीची जोडी सगळ्या रानातले उंदीर संपवते असं मी त्याला कशाला सांगू? नाही संपवत. जिथे ती टिकते तिथे पुष्कळ कमी करते, एवढंच. बाकीचं काम माणसानं करायचं. बिळं खणायची, बांध नीट ठेवायचे, आणि औषध लागलंच तर बिळाच्या आत टाकून बीळ बुजवायचं, रानभर फेकायचं नाही. मेलेले उंदीर गोळा करून पुरायचे.

पैशाचं बोलायचं तर पैशानंच बोलावं. म्हणून मी त्याला असं सांगितलं. बाभळ राहू दे. बाभळीच्या अंगाचं दीड एकर जिराईतच ठेव, एका वर्षी ज्वारी, एका वर्षी हरभरा. ऊस पलीकडच्या अंगाला लाव, मी नाही म्हणत नाही. रानात मध्ये मध्ये पक्षीथांबे रोव, आडव्या काठीचे, म्हणजे कापशीला आणि रात्री घुबडाला बसून टेहळता येईल. माळ आहे तसा राहू दे, त्यावर मेंढरं चरू देत. दीड एकरात उसाऐवजी ज्वारी घेतल्यानं जो फरक पडेल, तो दर वर्षी माझ्या वाट्याच्या पैशांतून कापून घे. पेन्शन आहे मला, एवढ्यानं माझी चूल थंड पडायची नाही. लेखी देते हवं तर.

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, तुमचे पैसे कशाला कापू? बघतो मी. या वर्षीची पिल्लं उडेपर्यंत तरी बाभळीला हात लावत नाही." एवढं आश्वासन आज हातात आहे. ऊस, माळ आणि पुढचं वर्ष, यांचं अजून काही ठरलेलं नाही.

म्हणून घरच्या मंडळींनो, तुम्हाला ही विनंती. सातबाऱ्यावर आपल्यापैकी सात जणांची नावं आहेत. पुण्यात, हैदराबादेत, एक तर थेट ऑस्ट्रेलियात. त्या जमिनीवर तुम्ही हुरड्यापुरते येता, मीही आता वर्षातून तीन-चारदाच जाते. राबतो तो एकटा. दुरून 'झाड तोडू नकोस' असं सांगणं सोपं आहे आणि त्याचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं बरं नाही. माझा वाटा मी पुढे केला आहे. तुम्हीही आपापल्या वाट्याचा विचार करा आणि त्याला फोन करा. नुसतं प्रेमानं बोललात तरी त्याला आधार वाटेल.

परवा त्यानं मोबाइलवर फोटो पाठवलाय. बाभळीच्या शेंड्यावर काड्या रचायला सुरुवात झाली आहे. एक जण तारेवर बसून राहिलाय आणि एक जण बाभळीवर बसून ओरडतोय, म्हणजे डोहाळे लागलेत बहुतेक! यंदा हरभरा बरा आहे म्हणतात. येताना कुणीतरी दुर्बीण आणा, माझ्या डोळ्यांना आता शेंडा नीट दिसत नाही. वहीत यंदाची ओळ लिहायची जागा मी मोकळी ठेवली आहे, आकडा जो काय येईल तो मी इथे कळवीनच.

तुमच्या गावाकडे कापशी, सापमार, घुबड घरटं करतात का? कोणत्या झाडावर, किती पिल्लं? जरूर लिहा.